चरबी सगळ्यांना चालते

४ मार्च, मंगळवार

कागद गिरणीत एकतीस वर्षे मी पाळीची वही लिहिली. यंत्र कधी थांबले, का थांबले, कोणाच्या चुकीने थांबले, सगळे त्यात असायचे. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. आज आहे, म्हणून ही नवी वही.

संध्याकाळी फादर थुआन घरी आले. उद्या राखेचा बुधवार, मग ईस्टरपर्यंत गोडधोड बंद, त्यामुळे आज गावातली प्रत्येक बाई दिसेल त्याला पाँचकी, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड गोळे, चारत सुटली आहे. लव्हर्नने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्यापुढे ताट ठेवले. फादरांनी दोन खाल्ले, तिसऱ्याकडे हात नेला आणि तो तसाच हवेत ठेवून म्हणाले की बिशपांच्या कचेरीतून पत्र आले आहे. आपली तीन गावांची चर्चे आता एकत्र झाली, तेव्हा स्वयंपाकघरही एकच पुरे. उपवासकाळातल्या सहा शुक्रवारी आमच्या संत कुनेगुंडाच्या सभागृहातून सरासरी दीडशे ताटे गेली तर आमचे स्वयंपाकघर राहील. नाहीतर कढया पलीकडच्या गावाला जातील आणि आमच्याकडे कुलूप.

गेल्या वर्षीची सरासरी अठ्ठ्याऐंशी होती.

इथे खरे लिहायला हरकत नाही. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, आणि ही शुक्रवारची मासळी मी सव्वीस वर्षे तळतो आहे. मासे माझ्याकडे, बटाट्याची धिरडी लव्हर्नकडे. घरी आम्ही दोघे फारसे बोलत नाही. एक्केचाळीस वर्षांत सगळे बोलून झाले आहे. पण तिथे मी कढईपाशी आणि ती तव्यापाशी उभी राहिली की आमची तोंडे थांबत नाहीत. ते गेले तर माझे काय होईल ते मला सांगता येत नाही. लव्हर्नला हे बोललो नाही. ती ताट उचलत म्हणाली, "दीडशे माणसं कुठून आणणार? गिरणीत छापणार आहेस का?"

७ मार्च, शुक्रवार

एक्क्याऐंशी ताटे. त्यातली निम्मी माणसे सत्तरीपुढची. मिसेस कोबस, वय एकोणनव्वद, नेहमीप्रमाणे गरम पाण्याच्या नळ्यांजवळच्या खुर्चीत बसल्या आणि नेहमीप्रमाणे दोन पर्च मासे, तीन धिरडी, काळा पाव आणि कोबीची कोशिंबीर संपवून गेल्या.

शेवटाला कर्ट राडलॉफ आला. जुन्या टायरच्या दुकानात त्याने व्यायामशाळा काढली आहे. माणूस दाराइतका रुंद. खाल्ले काहीच नाही. मी कशात तळतो एवढेच विचारले. कॅनोलाच्या तेलात, म्हणालो. त्याने असे तोंड केले की जणू मी इंजिनाचे तेल सांगितले.

तो तीन वर्षे फक्त बीफ, मीठ आणि पाणी यावर आहे. बियांची तेले हेच सगळ्या दुखण्यांचे मूळ, असे तो अगदी डोळ्यात पाणी आणून सांगतो. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बीफच्या चरबीत तळ, नॉर्ब. पुढच्या शुक्रवारी माझी पन्नास माणसं इथं बसलेली दिसतील तुला."

पन्नास.

९ मार्च, रविवार

मिस्सा झाल्यावर मी वही घेऊन दारात उभा राहिलो आणि गावात कोण काय खातो याची चौकशी केली. एवढ्या वर्षांत कळले नव्हते की आमच्या गावात साधे जेवणारा माणूस जवळपास उरलेला नाही.

बँकेतली शेरिल कीटोवर आहे. तिला पीठ, साखर, बटाटा काही चालत नाही, चरबी मात्र हवी तितकी. तळ्याकाठी गोल तंबूत राहणारे ते जोडपे गुहेतल्या माणसासारखे खाते. धान्य नाही, दूध नाही, पण चरबी चालते, कारण गुहेतल्या माणसाला गुरे मिळत होती. कॅनोला मिळत नव्हते. कर्टचे तर विचारायलाच नको. पोस्टातला एक जण दिवसातून आठच तास खातो. त्याला चरबी चालते, फक्त आमची वेळ चालत नाही. माझ्या डॉक्टरांचा ऑलिव्ह तेलाचा आहार आहे, त्यात चरबी अजिबात चालत नाही, पण डॉक्टर शुक्रवारी मासे खायला येत नाहीत.

घरी येऊन तक्ता आखला. आडवे आहार, उभे पदार्थ. बाकी प्रत्येक रांगेत कुठे ना कुठे फुली आली. बीफच्या चरबीची रांग तेवढी स्वच्छ, सगळीकडे बरोबरची खूण. ही माणसे एकमेकांच्या ताटाकडे बघून नाके मुरडतात, आणि एका चरबीवर सगळ्यांचे एकमत आहे. आजवर कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

लव्हर्नला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारले, "यात धिरडी कुठंयत?" धिरडी फुल्यांच्या रांगेत होती. ती तक्त्याची चूक आहे असे सांगून मी तो घडी करून ठेवला.

११ मार्च, मंगळवार

खाटकाकडून गुर्द्याभोवतीची चरबी आणली, साठ पौंड. गॅरेजमध्ये मंद आचेवर कढवली. दिवसभर ढवळत होतो. गाळल्यावर मेणासारखी पांढरीशुभ्र झाली. शेजाऱ्यांचा कुत्रा सकाळपासून दारात बसला आहे, हाकलला तरी जात नाही. लव्हर्न म्हणते की पडद्यांना वास लागला. मला तरी काही वास येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

एकशे बत्तीस.

कर्टने शब्द पाळला. मी लाल अक्षरांत पाटी रंगवून दाराबाहेर लावली होती: "फक्त शुद्ध बीफच्या चरबीत तळलेले." लोक पाटीपाशी उभे राहून फोटो काढत होते. सव्वीस वर्षांत माझ्या माशाचा फोटो कोणी काढला नव्हता.

मासा खरोखर छान उतरला, कुरकुरीत. मात्र शेरिलच्या टेबलावर सगळ्यांनी बिअरमध्ये भिजवलेल्या पिठाचे आवरण काट्याने खरवडून बाजूला काढले. पंधरा जणांनी मिळून त्याचा ढीग केला होता. गुहेवाल्यांनी पाव परत पाठवला. कर्टने कोशिंबिरीची वाटी दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली.

दोन गोष्टी बिनसल्या. नर्स जॉइस मासा खाते, पण गाय खात नाही. दर शुक्रवारी येणारी ही बाई पाटी वाचून दारातूनच परत गेली. आणि मिसेस कोबस. त्यांनी भिंग काढून पाटीचे अक्षर न् अक्षर वाचले आणि माझ्याकडे आल्या.

"नॉर्बी, आज वार कोणता?"

"शुक्रवार, मिसेस कोबस."

"कसला शुक्रवार?"

"उपासाचा."

"माझ्या आईनं मंदीच्या दिवसांत आम्हा नऊ पोरांना उकडलेल्या सलगमावर ठेवलं, पण उपासाच्या शुक्रवारी घरात गाय शिरू दिली नाही," त्या म्हणाल्या, आणि कोट घालून निघाल्या. त्यांच्यामागे आणखी सात जण उठले. लव्हर्न त्यांना दारापर्यंत सोडायला गेली, ती बराच वेळ आली नाही. तव्यावरची धिरडी मलाच उलटावी लागली. दोन करपली.

१५ मार्च, शनिवार

सकाळीच फादरांकडे गेलो. त्यांनी जाडजूड पुस्तक काढले, मग आणखी एक काढले. नियम माझ्या बाजूने निघाला. उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण तळायला वापरलेली चरबी मांसात धरत नाहीत. मी म्हणालो, झाले तर मग. फादर पुस्तक मिटत म्हणाले, "नियमात बसतं, नॉर्ब. उपासात बसतं का, ते तुझं तू बघ."

ते मूळचे व्हिएतनामचे. कधी कधी त्यांचे बोलणे नेमके कुठल्या रोखाने असते ते कळत नाही. मी पाटीखाली एक ओळ वाढवली: "फादरांनी तपासले आहे."

२१ मार्च, शुक्रवार

एकशे अठ्ठावन्न. आज पिठाचे आवरण बंदच केले. नाहीतरी कचऱ्यातच जात होते. पाव ठेवलाच नाही. कोशिंबिरीतली साखर काढली, तर ती कोणी खाईना, म्हणून शेवटी कोशिंबीरही काढली. आता ताट सुटसुटीत दिसते. लव्हर्नची धिरडी मात्र पडून राहिली. एकोणीस गेली, नव्वद उरली. ती नव्वद धिरडी तिने डब्यात भरली आणि कुठेतरी घेऊन गेली. वाटली असतील.

मिसेस कोबस आल्या नाहीत. जुन्यांपैकी सहाच आले. फादर दारातून हात हलवून गेले, आजाऱ्यांना भेटायला जायचे आहे म्हणाले.

२३ मार्च, रविवार

आज लव्हर्नशी बोललो. नीट, समजावून. म्हणालो, बटाटे किसायला तुझे अख्खे गुरुवार जातात, मनगट दुखते, आणि खाणारे कोणी नाही. तवा जिथे आहे तिथे आणखी एक कढई बसेल. ईस्टरपर्यंत धिरडी बंद ठेवू.

ती भांडी पुसत होती. तिने हातातली बशी पुसली, मग पुसलेली बशी पुन्हा पुसली.

"आणि मी कुठं उभी राहू?" तिने विचारले.

मी म्हणालो, तू आता खुशाल आराम कर. सव्वीस वर्षे केलेस, एक महिना पाय वर करून बस.

"बरं," ती म्हणाली.

मला वाटले होते, वाद घालेल. तिने इतक्या समजूतदारपणे घेतले की मलाच बरे वाटले.

२८ मार्च, शुक्रवार

एकशे एकाहत्तर. नवी कढई तव्याच्या जागी बसली. कर्टच्या व्यायामशाळेतला एक पोरगेला माणूस मदतीला होता. तो बोलत नाही, चावताना मोजतो.

लव्हर्न बहिणीकडे, कॅरलकडे गेली होती. आठ वाजता आली, दमलेली, पण गालांवर लाली. केसांना कांद्याचा वास येत होता. कॅरल हल्ली सगळ्यात कांदा घालत असावी. मी आकडा सांगितला. ती छान म्हणाली आणि जिना चढताना काहीतरी गुणगुणत होती.

आज दिवसभरात मी कोणाशी काय बोललो ते आठवून बघितले. "पुढचा," एवढेच.

४ एप्रिल, शुक्रवार

एकशे शहात्तर.

कर्टची तक्रार आली की मासा फार कोरडा, त्यात चरबी नाही. मी म्हणालो, मासाच तसा. मग त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक माशावर वितळलेल्या चरबीची पळी ओतायला लागलो. शेरिलच्या टेबलाने ती कपात मागितली, कॉफीसारखी. गुहेवाल्यांनी आपापले लाकडी वाडगे आणले. एकाने मासाही नको म्हटले, नुसती चरबी घेतली. मी त्याचेही ताट मोजले. ताट ते ताट.

एक ऐकून डोके फिरले. रस्त्यापलीकडे माजी सैनिकांचे सभागृह आहे, तिथेही शुक्रवारी मासे असतात, पण आजवर कोणी तिकडे फिरकत नव्हते. आता म्हणे दारापर्यंत रांग लागते. कारण काय, तर बटाट्याची धिरडी. कडेला जाळी, आत मऊ, कांदा अगदी बारीक किसलेला. ही तर लव्हर्नची पद्धत. कोणीतरी आमची कृती चोरली आहे.

घरी आल्यावर हे लव्हर्नला सांगितले तेव्हा ती एकदम खोकायला लागली. पाणी दिले. म्हणाली, "चोरली असेल तर चांगलीच चोरली म्हणायची."

११ एप्रिल, शुक्रवार

एकशे नव्वद. सहा शुक्रवार मिळून नऊशे आठ. सरासरी एकशे एक्कावन्न.

फादर बेरीज बघून म्हणाले, "अभिनंदन, नॉर्ब. स्वयंपाकघर तुझं." त्यांच्या बाहीवर सफरचंदाच्या गराचा डाग होता. आमच्याकडे तर धिरड्यांबरोबरचा गर तीन शुक्रवार बंद आहे.

लव्हर्नला केव्हा सांगतो असे झाले होते. कढया तशाच टाकून घरी आलो, ती नव्हती. कॅरलला फोन लावला.

"लव्हर्न?" कॅरल म्हणाली. "ती नाताळनंतर इकडे आलीच नाही, नॉर्ब. बरी आहे ना?"

मी बरी आहे म्हणालो आणि फोन ठेवला. गिरणीत यंत्र थांबले की मला आवाजावरून कळायचे, कुठला पट्टा गेला ते. इथे तीन शुक्रवार कळले नाही. ती आल्यावर मी काही विचारले नाही. आकडाही सांगितला नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आज आमचे सभागृह बंद असते. क्रूसाची भक्ती झाल्यावर मी रस्ता ओलांडला. इतकी वर्षे समोर राहून त्या दारातून मी कधी आत गेलो नव्हतो.

आत आमचे सगळे होते. जॉइस कोपऱ्यात कोशिंबीर आणि पाव खात होती. मिसेस कोबस पुढ्यात तिसरा मासा घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काटा हलवला, मासा सोडला नाही. फादर थुआन भिंतीकडे तोंड करून जेवत होते. कोणी मला दोष दिला नाही, आणि तेच फार लागले.

रांगेत उभा राहिलो. तव्यापाशी पोचलो तेव्हा तिने वर न बघता विचारले, "सफरचंदाचा गर की आंबट साय?" मग बघितले.

"आकडा झाला," मी म्हणालो.

"माहितेय. फादर म्हणाले."

"मग परत ये की."

"कशाला, नॉर्ब? तुझ्या ताटात माझं काय उरलंय? पीठ गेलं, पाव गेला, धिरडी गेली. चरबी वाढायला कुणीही चालेल."

मागचा माणूस घसा खाकरत होता. मी ठरवून काही गेलो नव्हतो, तोंडातून निघून गेले: "मला कढया नको होत्या गं. तिथं तू माझ्याशी बोलायचीस. तेवढंच मला पाहिजे होतं."

ती उलथने हातात धरून तशीच उभी राहिली. तव्यावरचे धिरडे काळे पडले. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक करपले नव्हते. तिने ते खरवडून माझ्याच ताटात टाकले.

"मग तेव्हा सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मला म्हणालास, पाय वर करून बस. आता गर की साय ते सांग, लोक थांबलेत."

मी नेहमी कढईपाशी असायचो. हे तिने मला कधी विचारलेच नव्हते. मला काय आवडते ते मला ठरवता येईना. तिने दोन्ही वाढले.

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टर शांतपणे गेला. आज कर्टचा निरोप आला. त्याच्या गुडघ्यांना त्रास सुरू झाला म्हणून त्याने आहार बदलला, आणि व्यायामशाळेनेही. आता फक्त फळे आणि मध. चरबी सगळ्या विषांची आई, असे तो लिहितो. पुढच्या वर्षी मी टरबूज ठेवू शकेन का, असेही विचारले आहे. गॅरेजमध्ये अजून अकरा पौंड आहे. शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा आता येत नाही.

फादरांना किल्ल्या परत केल्या. कढया पलीकडच्या गावाला देऊन टाका म्हणालो. त्यांनी किल्ल्या घेतल्या, जराही नवल दाखवले नाही, आणि दुसऱ्या गावच्या पाद्रींचे पत्र दाखवले. त्यांनी कढया कधी मागितल्याच नव्हत्या.

२४ एप्रिल, गुरुवार

माजी सैनिकांच्या सभागृहात कामाला लागलो. कढईपाशी जागा नाही, तिथे डेल आहे, तो एकोणीसशे ब्याऐंशीपासून तळतो. मला बटाटे सोलायला बसवले. चाळीस पौंड. लव्हर्न समोर बसून किसते.

आणखी पोती आणायला कोठारात गेलो, तर भिंतीला लागून डब्यांची थप्पी. प्रत्येकावर बैलाचे डोके छापलेले. झाकण उघडून वास घेतला. मी चारशे पौंड कढवली आहे, माझी फसगत व्हायची नाही. डेलला विचारले, हे कधीपासून. तो म्हणाला, सुरुवातीपासून, त्याच्या वडिलांच्या काळापासून. इथे दुसऱ्या कशात कधी काही तळलेच नाही.

मी तसाच बाहेर आलो आणि लव्हर्नच्या कानाशी वाकून म्हणालो, "मिसेस कोबसनी गुड फ्रायडेला तीन मासे खाल्ले. बीफच्या चरबीतले."

"चार," लव्हर्न म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच बघितले होते डबे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू पाटी लावली असतीस."

मी माझ्या जागेवर बसलो. जरा वेळाने तिने माझ्यापुढची टोपली ओढून सालांचा ढीग बघितला, एक साल उजेडात धरले आणि जाड काढतो आहेस म्हणाली. मग कॅरलच्या जावयाचे काहीतरी सांगायला लागली. पाच वाजेपर्यंत ती बोलत होती.